फौंड्रीतला पोस्टमास्तर

१२ जून २००२, बुधवार

बोलून बसलो. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही!

साडेदहाची टपाल चालली होती. दादा खुर्चीत, पुढ्यात चहा, मी एकेक पाकीट फोडून वाचतोय. इंग्रजी असेल तर मराठीत सांगायचं, दादांनी ‘हं’ म्हणायचं, की पुढचं. बावीस वर्षं हेच. ही फौंड्री दादांच्या वडलांनी काढली तेव्हापासून टपाल मालकासमोरच फुटते. आज शांभवीही बसलेली. दादांची थोरली, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. चार दिवस आलीय.

म्हणाली, ‘पप्पा, एक फोन, एक मोडेम, आणि सहा माणसं रांगेत. इटलीवाल्यांचं ड्रॉइंग चार दिवस त्या एका खात्यात पडून होतं, कुणी उघडलंच नाही. आपला स्वतःचा मेल सर्व्हर पाहिजे. माझ्या ओळखीची माणसं आहेत पुण्यात. आठवड्यात बसवतील आणि तिथूनच बघतील. शशिकाकांनाही जरा आराम.’

आराम! हा शब्द मी चांगला ओळखतो. टेलेक्स गेला तेव्हा शेजारच्या कारखान्यातल्या टेलेक्सवाल्याला असाच आराम दिला होता. अजून आरामच करतोय बिचारा. मी फॅक्स शिकलो म्हणून वाचलो.

आणि मग तोंडातून गेलं — ‘त्यात काय हाय? मीच करतो की.’

दादांनी कप खाली ठेवला. ‘येतंय तुला?’

‘येतंय.’

माझ्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, ‘मग दसऱ्यापतोर कर. खंडेनवमीला बाकीच्या मशिनींसंगं त्येचीबी पूजा हुया. न्हाय जमलं तर पुण्याची माणसं हाईतच.’

सर्व्हर म्हणजे डबा असतो की कागद असतो, हेही मला धड माहीत नाही. वय शेहेचाळीस. आता या वयात मला दुसरं कोण ठेवून घेणार?

१३ जून

बायकोला, शिवगंगाला, काही सांगितलं नाही. ताटावर बसून नुसता भात चिवडत होतो. ‘री, ऊटा माडरी! कुठं ध्यान हाय?’ म्हणाली. माहेर चिकोडीचं, रागावली की आधी कन्नड येतं. म्हणजे, अहो, जेवा! जेवलो.

१७ जून, सोमवार

सोमवारची साप्ताहिक सुट्टी. राजारामपुरीत अझीमच्या दुकानात गेलतो. आमच्या ऑफिसातले चारी कॉम्प्युटर यानंच जोडलेत. पोरगा तिशीतला, पण हात सोन्याचा. त्याला सगळं खरं सांगून टाकलं. जगात या एकाच माणसाला.

पोटभर हसला. मग म्हणाला, ‘काका, हे म्हंजे पोस्ट हाय बघा. तासातासाला आपलं मशीन फोन लावणार, तिकडली थैली घेऊन येणार, आन् ज्याचं पत्र त्याच्या खोक्यात टाकणार. जाणारी पत्रं त्याच फेरीत जाणार. एवढंच!’

‘एवढंच व्हय?’

‘एवढंच की.’

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना शिवगंगाला गजरा घेतला. ती संशयानं बघायला लागली.

२४ जून, सोमवार

एवढंच नाही. मुळीच एवढंच नाही!

अझीमनं एका मासिकाबरोबर आलेली सीडी काढली. लिनक्स. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, बाण नाही. काय चुकलं ते सांगत नाही, बरोबर आलं तरी सांगत नाही. नुसता गप्प. मी म्हटलं हे यंत्र आहे की सासरा?

दोनशे पानी वही केली. अझीम जे टाइप करतो ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, आणि खाली मराठीत — हे कशाला. ‘हे कशाला?’ विचारून विचारून पोराचं डोकं उठवलं.

९ जुलै

गोडाऊनमधला जुना कॉम्प्युटर मागून घेतला. माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर मांडलाय. चिमणाबाई झाडायला आल्या की त्याच्याभोवतीनं झाडतात. ‘ह्यो काय करतो वो?’ ‘अजून काय न्हाय करत.’ ‘मग बरं हाय त्येचं.’

१६ जुलै

तिसऱ्यांदा पहिल्यापासून. तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी अडलं. ही प्रगतीच म्हणायची.

३० जुलै

आज टपाल आली, आणि येतच राहिली!

मीच मला एक मेल टाकली, ‘टेस्ट’. पोचली! उड्या मारायच्या बाकी होत्या. मग शहाणपणा सुचला. दादांना रोजची टपाल ऐकायची असते, तर प्रत्येक मेलची एक प्रत ‘ऑफिस’ नावाच्या खोक्यात जाऊ दे. आणि ‘ऑफिस’ची प्रत माझ्याकडे. जेवून येतो तर माझ्या खोक्यात सहाशे चाळीस ‘टेस्ट’! माझ्याकडून ऑफिसला, ऑफिसकडून माझ्याकडे, चालूच! कपाळावर हात मारून घेतला. अझीमला फोन लावला तर तो हसून हसून फोनवर बोलेना. नशीब, मशीनला जोडलेली फोनची तार काढलेली होती. नाहीतर सगळी इटलीला गेली असती.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मिटलं ते. आणि आज दुपारी तीन वाजता मोडेमनं आपणहून फोन लावला. आपणहून! मी हात लावला नाही. ट्याँ ट्याँ, खर्रर्र, मग शांत. चौदा पत्रं आली आणि ज्याच्या त्याच्या खोक्यात पडली. डिस्पॅचवाल्यांना त्यांची, खरेदीवाल्यांना त्यांची. कुणी रांगेत नाही, कुणी भांडत नाही.

कुणाला काही विशेष वाटलं नाही. पाणी नळाला येतं तसंच हेही येतं, असं त्यांना वाटलं असणार. मी मात्र दोन चहा प्यालो.

२० ऑगस्ट

तीन दिवस डोकं फिरलंय. रात्रीची पत्रंही यावीत म्हणून आता संध्याकाळी बंद न करता, चांगला चालू ठेवून घरी जातो. सकाळी बघावं तर आजारी! इथं चूक, तिथं चूक, तपासतो म्हणतो, आणि अर्धा-पाऊण तास तपासतच बसतो. अझीमनं दोनदा येऊन बघितलं. त्यालाही कळेना. मला वाटायला लागलं, आता कळणार सगळ्यांना. या माणसाला काही येत नाही हे आता बाहेर पडणार.

२१ ऑगस्ट

सापडलं! दादाच!

सहा वाजता दादा देव्हाऱ्यापुढं दिवा लावतात, उदबत्ती फिरवतात आणि स्वतःच्या हातानं मेन पाडतात. सगळ्या कारखान्याची वीज बंद. मग किल्ली खिशात. त्यांच्या वडलांच्या वेळी एकदा तारेनं आग लागलेली, तेव्हापासूनचा नेम. बावीस वर्षं मी हे डोळ्यांनी बघतोय आणि माझ्या ध्यानात नाही! मशीन रोज संध्याकाळी धाडदिशी मरत होतं.

दादांना म्हटलं, एवढं एक चालू राहू दे. ‘मेन पाडायचा तो पाडायचाच, शशिधर. थोरल्यांनी घालून दिलंय.’ विषय संपला.

मग पावणेसहाला मी त्याला नीट निजवायचं, सकाळी आठला उठवायचं. पण रात्रीच्या टपालीचं काय? इटलीची माणसं आमच्या झोपेच्या वेळी लिहितात. ती पत्रं जातात कुठं?

२२ ऑगस्ट

कुठंच जात नाहीत! अझीमनं समजावलं. तिकडच्या थैलीत पडून राहतात, आपण न्यायला जाईपर्यंत. आणि थैलीपर्यंत पोचायला अडचण आली तरी पाठवणारा परत परत प्रयत्न करतो, चार-पाच दिवस. लगेच कुणी हात टेकत नाही.

काय धीर आला! माणसांतसुद्धा एवढा सोशिकपणा नसतो.

१२ सप्टेंबर

गणपतीची गडबड. मशीन सुरळीत. न पोचलेल्या मेल इंग्रजीत काहीतरी भयंकर लिहून परत येतात आणि लोक घाबरतात. ‘काका, मला काहीतरी फेटल आलंय!’ म्हणून मी व्यवस्था केली. कारखान्यातून गेलेलं, आणि न पोचता परत आलेलं प्रत्येक पत्र फक्त माझ्याकडे येईल. का परत आलं ते मी बघायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा धाडायचं. त्या खोक्याचं नावच पोस्टमास्तर असतं. मी नाही ठेवलं, तसंच असतं.

शशिधर, पोस्टमास्तर. वाईट नाही ऐकायला.

१८ सप्टेंबर

दादा म्हणाले, ‘मलाबी एक खोकं दे की.’

दिलं. साडेदहाची टपाल मात्र मी वाचायचीच, ती वेगळी. हे शांभवीला लिहायला. एका बोटानं टाइप करतात. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ‘के’ शोधायला एक मिनिट. मी शेजारी उभा राहिलो तर म्हणाले, ‘तू जा. तू बघाय लागलास की मला घाम फुटतोय.’

मला मनातून फार बरं वाटलं. मालकालाही घाम फुटतो तर!

७ ऑक्टोबर, सोमवार

घट बसले. आणखी आठ दिवस. सगळं चालू आहे. इटलीवाल्यांना पंपाच्या बॉडीचे नमुने पोचलेत. पास झाले तर वर्षाचं काम. त्यांचं उत्तर या आठवड्यात नाहीतर पुढच्या. ते माझ्याच मशीनमधून येणार.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

सुट्टी असून सगळे आले. सकाळपासून धुणं-पुसणं. लेथ, ड्रिल, भट्टी, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. मशीन मी सकाळीच नीट बंद केलं. आज हत्यार चालवायचं नाही, उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर दादांच्या हातानं सुरू.

माझ्या मशीनलाही माळ घातली! बरोबरीनं! मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आकाराम मुकादम नारळ फोडायला. भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस, मोठा भाविक. प्रत्येक मशीनपुढं नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी मशीनवर शिंपडायचं, ही त्याची पद्धत. लेथवर शिंपडलं, ड्रिलवर शिंपडलं. माझ्या मशीनपुढं आला, फोडला, आणि मी ‘आवं मुकादम—’ म्हणेपर्यंत अर्धी वाटी पाणी वरच्या जाळीतून आत!

‘भरपूर पडू दे, नवं हाय त्ये,’ म्हणाला. प्रेमानं.

मी आतल्या आत मेलो. उघडून पुसतो म्हटलं तर दादा म्हणाले, ‘आज हात लावायचा न्हाय. पूजा उतरायची न्हाय.’ वाळेल म्हटलं. उद्यापर्यंत वाळेल.

१५ ऑक्टोबर, दसरा

नाही वाळलं.

दादांनी बटण दाबलं. फट्! मागनं धूर, आणि करपल्याचा वास. सगळे जमलेले. आकाराम मुकादमानं तोंडावर उपरणं घेतलं. ‘माझ्या हातनं मेला व्हय त्यो?’ म्हणून लहान पोरासारखा विचारत होता. दादा त्याला म्हणाले, ‘पूजा केलीस. चोरी न्हाय केलीस.’ मग माझ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून आले.

अझीमच्या दुकानाला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, मेहुण्याच्या लग्नाला हुबळीला गेलाय, रविवारी येणार. मोबाईल नाही.

आपट्याची पानं वाटली. सगळ्यांना ‘सोनं घ्या’ म्हणालो. तोंड कडू पडलं होतं.

१६ ऑक्टोबर

सकाळीच इटलीहून फॅक्स. चार ओळी. नमुन्यांचा निकाल मेलनं पाठवलाय, शुक्रवारपर्यंत सही करून उलट पाठवा, नाहीतर दुसऱ्या कारखान्याला देणार.

मला वाटलं दादा आता पुण्याचं नाव काढणार. नाही काढलं. म्हणाले, ‘शुक्रवारपतोर हाय की. बघ.’

मशीन उघडलं. आत चिकट, आणि मुंग्या! नारळाच्या पाण्याला मुंग्या. मोठा पत्रा, मदरबोर्ड म्हणतात तो, जळालाय, वीज देणारा डबा काळा. पण ज्यात सगळं साठवतात ती डिस्क खालच्या बाजूला, कोरडी! डिस्पॅचचा कॉम्प्युटर उचलून आणला. कुणी कुरकुर केली नाही. त्यात ती डिस्क लावली. सुरू होईना. वेगळं मशीन, ओळखच दाखवेना.

म्हणजे पहिल्यापासून. एकट्यानं. संध्याकाळी दिवा लागायच्या आत जेवढं होईल तेवढं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी आठला बसलो. वही मांडीवर. पान एक. जे अझीमनं सांगितलं ते, आणि खाली माझं ‘हे कशाला’. मजा अशी की मला वहीत फार बघावं लागेना. हात जात होते. एकदा अडलं. वहीत त्याचं उत्तरच नव्हतं! तेव्हा डोळे मिटून विचार केला, थैली आणतोय कोण, वाटतोय कोण, चुकतोय कोण? वाटणारा. तिथं बघितलं. तिथंच होतं.

जुन्या डिस्कवरची सगळी खोकी नव्यात उतरवून घेतली. एक पत्र हरवलं नाही. एकसुद्धा!

चार वाजून दहा मिनिटांनी ट्याँ ट्याँ, खर्रर्र. एकतीस पत्रं. सतरावं इटलीचं. नमुने पास!

दादांना वाचून दाखवलं. दादा ‘हं’ म्हणाले. नेहमीचंच ‘हं’. मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले. मी मागं भट्टीच्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसलो आणि रडलो. चिमणाबाई पाणी घेऊन आल्या. मग आकाराम मुकादम आला. त्याला सांगितलं, जिवंत आहे. त्यानं लांबूनच हात जोडले.

१८ ऑक्टोबर

सही करून उलट पाठवलं. पोचलं. इटलीचं उत्तर तासाभरात. आज नऊ तास झोपणार.

१९ ऑक्टोबर

शिवगंगाला सगळं सांगितलं. जूनपासूनचं. मला वाटलं कौतुक करेल.

‘म्हंजे तुम्ही दादांना खोटं बोललात.’

मी म्हटलं, पण आता येतंय की.

‘आता येतंय ते निराळं. त्या दिवशी येत नव्हतं. ज्या माणसाचं मीठ बावीस वर्षं खाल्लं, त्याला तोंडावर खोटं? जाऊन सांगा.’

‘आणि काढून टाकलं तर?’

‘टाकू देत. घरात खाली मान घालून जेवताय चार महिने, ते मला बघवत न्हाय.’ आणि पुढचं सगळं कन्नडमध्ये.

२० ऑक्टोबर, रविवार

अझीम आला. सगळं उघडून बघितलं, खालवर बघितलं. ‘काका, हे वाटपाचं कसं केलं? हे मी न्हवतं शिकवलं!’ सांगितलं. ‘दुकानात या की नोकरीला,’ म्हणाला. लग्नातली मिठाई आणलेली. खाल्ली, पण शिवगंगाचं बोलणं डोक्यातून जाईना.

२२ ऑक्टोबर

उद्या सांगणार. साडेदहाची टपाल झाली की. वाक्यही ठरवलंय — ‘दादा, जूनमध्ये मी तुमच्याशी खोटं बोललो.’ आरशापुढं तीनदा म्हणून बघितलं. तिन्ही वेळा नीट आलं नाही. पण सांगणार.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मशीन उठवलं. पोस्टमास्तरच्या खोक्यात एक परत आलेलं. शांभवीला पाठवलेलं, तिचं खोकं भरलंय म्हणून परत. का परत आलं ते बघायचं म्हणून उघडलं. खाली पूर्ण पत्र. दादांचं, एका बोटानं टाइप केलेलं.

‘शांभवी, पुण्याच्या मानसाला आता नको म्हनून सांग. चार म्हयनं थांबला, दसऱ्याला फोन केल्याबरुबर गाडीत बसाय तयार झाला, उपकार झालं. शशिधरला यातलं काय येत न्हाय हे मला पयल्याच दिवशी कळलं हुतं. खोटं बोलताना त्येचं कान लाल हुत्यात. त्येला ह्ये कदी कळू देऊ नको. आता येतंय त्येला.’

शांभवीला फोन करून एवढंच म्हटलं, तुमचं खोकं भरलंय, रिकामं करा. मग पत्र होतं तसं पुन्हा पाठवलं. दहा वाजता गेलं.

साडेदहाला टपाल वाचली. ठरवलेलं वाक्य बोललो नाही. शेवटी दादा म्हणाले, ‘पोरीला एक मेल केलती. पोचली का रं?’

‘पोचली, दादा.’

दादा माझ्या कानांकडं बघत होते.